एक पेटी की दोन? सीडी प्लेअर निवडतानाचा अनुभव

आमच्या घरातील जुन्या सीडी प्लेअरने प्रथम घरी रेकॉर्ड केलेल्या सीडी वाचणे सोडले, मग विकतच्या सीडींवरही तो अडखळू लागला आणि अखेरीस ट्रे आत घेऊन, सीडी क्षणभर फिरवून, ‘नो डिस्क’ असे दाखवून स्वस्थ बसू लागला. लेझर थकत चालल्याचा हा नेहमीचा क्रम आहे. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतील ज्या कारागिराकडे मी अनेक वर्षे टेप आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीला नेत आलो, त्याने झाकण उघडून लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, ट्रेचा कडक झालेला रबरी पट्टा बदलला आणि लेझर ज्या दांडीवरून सरकतो ती साफ करून तिला नवे ग्रीस लावले. त्यावर प्लेअर आणखी काही दिवस चालला आणि पुन्हा थांबला. ‘‘काका, लेन्स गेलीय, आणि ह्या नंबरची लेन्स आता येत न्हाई,’’ असे त्याने स्पष्ट सांगितले. लेन्स म्हणजे त्याच्या लेखी लेझर, भिंग आणि ते वर-खाली हलवणाऱ्या गुंडाळ्या असा एकत्र जुळवलेला भाग. त्याचे उत्पादन बंद झाले की बाकीचे यंत्र ठणठणीत असूनही अडगळीत जाते. आमच्या प्लेअरमधील, अंकांचे पुन्हा आवाजात रूपांतर करणारे सर्किट पूर्णपणे सुस्थितीत होते, आणि तरीही ते ऐकण्याचा मार्ग उरला नव्हता. पुढचा माझा सगळा विचार या एकाच गोष्टीभोवती फिरत राहिला.

सीडीच कशाला हवी, असे विचारणारे घरातही आहेत आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब होते, त्यांचे पुत्र भूर्जी खाँसाहेब यांची तालीम मल्लिकार्जुन मन्सूर यांना मिळाली, आणि १८८३ पासून चालत आलेल्या गायन समाज देवल क्लबात गाणे ऐकत येथील अनेकांचे कान तयार झाले; अशा गावातील माणसाच्या कपाटात अल्लादिया खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या सीडी साठलेल्या असणे यात नवल नाही. त्यांपैकी कित्येक आता दुकानात मिळत नाहीत. मोबाइलवरच्या सेवांमध्ये त्यांतले जे सापडते, त्यात कधी रागाचे नाव चुकलेले असते, तर कधी संवादिनी आणि तबल्याची साथ कोणाची हे गाळलेले असते. त्यामुळे सीडी ऐकायच्या हे ठरलेलेच होते; त्या कशावर ऐकायच्या, एवढेच ठरवायचे होते.

पर्याय दोन होते. पहिला, नेहमीचा सीडी प्लेअर, ज्याच्या एकाच पेटीत सीडी फिरवून वाचणारी यंत्रणा आणि वाचलेल्या अंकांचे आवाजात रूपांतर करणारा भाग दोन्ही असतात आणि ज्याची तार सरळ ॲम्प्लिफायरला लागते. दुसरा, ही दोन कामे दोन पेट्यांना वाटून देणे: एक पेटी फक्त सीडी वाचून अंक बाहेर देणार, तिला ट्रान्सपोर्ट म्हणतात, दुसरी ते अंक घेऊन त्यांचा आवाज करणार, तिला डॅक म्हणतात. दुसऱ्या पर्यायाविषयी आदराने बोलणारे बरेच भेटतात. दोन पेट्या म्हणजे अधिक गंभीर श्रोता, असा एक समज या छंदात आहे, आणि सुरुवातीला तो माझ्याही मनात होता.

सीडीतून आवाज कसा निघतो हे थोडक्यात सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे नीट कळणार नाही. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या आणि १९८२ मध्ये जपानात सोनीच्या सीडीपी-१०१ या प्लेअरसह विक्रीला आलेल्या या पद्धतीत डाव्या आणि उजव्या वाहिनीचा आवाज सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिले जाते. म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. ही नोंद आतून बाहेर जाणाऱ्या, सुमारे ५ किलोमीटर लांबीच्या एका सर्पिल रेषेवर असते आणि तिच्या दोन शेजारच्या फेऱ्यांत केवळ १.६ मायक्रॉनचे अंतर असते. लेझर आतल्या कडेला असताना सीडी मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, तो बाहेर जाता जाता हा वेग २०० पर्यंत उतरतो, आणि या सर्व काळात भिंगाला फिरत्या, किंचित डगमगणाऱ्या सीडीवर नेम धरून राहावे लागते. एवढ्या कसरतीत चुका होणारच, म्हणून नोंदीतच जादा माहिती मिसळून ठेवलेली असते. तिच्या आधारे रेषेवरील सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग नुकसान झालेला तुकडासुद्धा पूर्ण दुरुस्त करता येतो. त्याहून मोठा ओरखडा असला तर प्लेअर आजूबाजूच्या अंकांवरून मधल्याचा अंदाज बांधतो, आणि तेही जमले नाही तर आवाज बंद करतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, की धड सीडी आणि धड लेझर असेल तर अंक जसेच्या तसे बाहेर येतात, मग पेटी साधी असो वा भारी.

तरीही दोन बाजूंचे म्हणणे मी नीट ऐकून घेतले. एका पेटीचा कैवार घेणाऱ्यांचा मुद्दा घड्याळाचा होता. अंक बरोबर असून भागत नाही. ते ठरलेल्या क्षणीच आवाजात बदलले पाहिजेत, आणि तो क्षण दाखवणारे घड्याळ एकत्र प्लेअरमध्ये रूपांतर करणाऱ्या चिपच्या शेजारीच बसवता येते. साधारणतः ११.२८९६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या या घड्याळाच्या तालावर मोटरसुद्धा आपला वेग जुळवून घेते, म्हणजे सगळी पेटी एकाच तालात असते. याउलट दोन पेट्यांच्या रचनेत अंक आणि ताल एकाच तारेतून एकत्र पाठवले जातात आणि येणाऱ्या प्रवाहातून ताल पुन्हा शोधून काढण्याचे काम डॅकला करावे लागते. त्यात क्षण जे किंचित पुढे-मागे होतात, त्यालाच जिटर म्हणतात. दोन पेट्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे, की मोटर आणि भिंग हलवणारी सर्किटे सतत कमी-जास्त वीज ओढत असतात, आणि तोच वीजपुरवठा नाजूक ध्वनिसर्किटाच्या वाट्याला आला तर त्याचा त्रास आवाजाला होतो. शिवाय आजचे डॅक येणारे अंक थोडा वेळ साठवून किंवा नव्या तालावर बसवून घेतात, त्यामुळे जिटरची भीती जुनी झाली आहे. दोन्ही मुद्दे कागदावर खरे आहेत. आमच्या दिवाणखान्यात, आमच्या स्पीकरवर, पंखा फिरत असताना आणि खालून रिक्षा जात असताना त्यांतले काय ऐकू येते, हे मात्र कागदावरून कळत नाही.

निर्णय होईपर्यंत गाणे बंद ठेवण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून माळ्यावरचा जुना डीव्हीडी प्लेअर खाली काढला. त्याच्या मागे अंकांची कोॲक्सियल, म्हणजे धातूच्या तारेची, जोडणी असते आणि ती वापरली की तो आपोआप ट्रान्सपोर्ट होतो. एका मित्राने आपला छोटा डॅक काही दिवसांसाठी दिला. दोघांना जोडण्यासाठी महागडी केबल सुचवणारे भेटले. मी व्हीसीडीच्या काळातील पिवळ्या टोकाची व्हिडिओची तार लावली, कारण ती ७५ ओहमचीच असते आणि या जोडणीला तेवढेच हवे असते. टीव्ही चालू करून एकदा मेन्यूत ध्वनीचे आउटपुट पीसीएमवर, म्हणजे साध्या अंकांवर, ठेवावे लागले, इतकेच. आवाज उत्तम आला, इतका की येथेच थांबावे असे क्षणभर वाटले.

थांबलो नाही त्याचे कारण आवाज नव्हे. ख्यालाच्या अनेक सीडींवर विलंबित आणि द्रुत, किंवा आलाप आणि बंदिश, असे क्रमांक वेगळे केलेले असले तरी गाणे मधे तुटलेले नसते. तबलजी ज्या मात्रेवर असतो तिथून पुढचीच मात्रा पुढच्या क्रमांकावर सुरू होते. आमचा डीव्हीडी प्लेअर प्रत्येक क्रमांक बदलताना निमिष मात्र गप्प बसे. चित्रपटगीतांच्या सीडीवर हे कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण समेच्या तोंडाशी ती फट पडली की सगळी बैठक मोडल्यासारखे होते. डीव्हीडी प्लेअर वापरून काम भागवू पाहणाऱ्याने सर्वप्रथम सलग गाण्याची सीडी लावून हीच गोष्ट तपासावी. सगळ्याच प्लेअरांत हा दोष नसतो, पण ज्यात असतो त्याला इलाज नसतो. शिवाय गाण्याचा क्रमांक शोधायला टीव्ही चालू ठेवणे आईला मुळीच पसंत पडले नाही, आणि सकाळचे अभंग लावण्याचे काम तिचे.

कोल्हापुरात फ्रीज आणि टीव्हीची दुकाने राजारामपुरीपासून शाहूपुरीपर्यंत कितीही आहेत, पण ट्रान्सपोर्ट आणि डॅक मांडून ऐकवणारे ठिकाण मला गावात सापडले नाही, म्हणून पुण्याच्या कामात ते जोडून घेतले. तेथील एका दुकानात शुद्ध ट्रान्सपोर्ट पाहायला मिळाला. केंब्रिज ऑडिओच्या सीएक्ससीसारखी ही यंत्रे दिसायला सीडी प्लेअरच असतात. मागे पाहिले की ॲम्प्लिफायरला जाणारे लाल-पांढरे सॉकेट नसते, फक्त अंक बाहेर देणारी कोॲक्सियल आणि ऑप्टिकल जोडणी असते. बांधणी भक्कम होती, ट्रे मऊपणे आत-बाहेर जात होता, सीडी लवकर ओळखली जात होती. दुकानदाराने मोठ्या खोलीत, आमच्या घरी मावणारही नाहीत अशा स्पीकरवर तो ऐकवला. त्यावरून आमच्या घरी काय होईल याचा अंदाज बांधणे मला शक्य नव्हते आणि मी तो बांधलाही नाही. मला चक्रावून टाकले ते किमतीने. डॅक नसलेली ही पेटी आणि त्याच दुकानात पलीकडच्या फळीवर असलेला डॅकसकट संपूर्ण प्लेअर यांच्या किमती जवळजवळ सारख्या होत्या. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे: ट्रान्सपोर्ट थोडे खपतात, आणि संपूर्ण प्लेअरच्या खर्चात डॅकच्या चिपचा वाटा अगदी लहान असतो, खर्च असतो तो यंत्रणेचा, डब्याचा आणि वीजपुरवठ्याचा. पण मग चिप काढून टाकल्याने ग्राहकाची बचत काय झाली, याचे उत्तर दुकानदाराकडे नव्हते.

घरी परतल्यावर ठरवले, की आवाजाचा निकाल घरीच लावायचा. शिवाजी उद्यमनगरात यंत्रशाळा चालवणाऱ्या एका स्नेह्याकडे अलीकडच्या बनावटीचा एकपेटी प्लेअर होता. त्याने तो काही दिवसांसाठी आणून दिला. या प्लेअरला अंक बाहेर देणारी जोडणीही होती, त्यामुळे तुलना फार सोयीची झाली. त्याच्या लाल-पांढऱ्या तारा ॲम्प्लिफायरच्या एका इनपुटला लावल्या, अंकांची तार मित्राच्या डॅकला आणि डॅकच्या तारा ॲम्प्लिफायरच्या दुसऱ्या इनपुटला. आता एकच सीडी, एकच क्षण, आणि ॲम्प्लिफायरचे बटण फिरवले की कधी प्लेअरच्या पोटातील डॅक तर कधी बाहेरचा डॅक ऐकू येणार.

पहिल्या संध्याकाळी निकाल एकतर्फी लागला. मैफलींत तंबोऱ्यावर बसणारे आमचे एक ज्येष्ठ स्नेही मुद्दाम आले होते. त्यांच्या घरी मिरजेचे दोन तंबोरे आहेत आणि जव्हारीच्या, म्हणजे तारेला गुंजन देणाऱ्या, दोऱ्याची जागा केसभर सरकली तरी त्यांना ती कळते, म्हणून मी त्यांच्या कानावर भिस्त ठेवली होती. किशोरीताईंच्या एका सीडीची सुरुवातीची नुसत्या तंबोऱ्याची मिनिटे दोन्ही बाजूंनी ऐकून त्यांनी सांगितले, की बाहेरच्या डॅकवर जव्हारी अधिक उघडते आणि खर्ज अधिक भरून येतो. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली, आणि मलाही तसेच ऐकू येत होते.

यंत्रशाळावाल्या स्नेह्याने तेव्हाच शंका काढली. ‘‘दोघांचा व्होल्टेज बघितलाय का तुम्ही?’’ असे म्हणून दुसऱ्या दिवशी तो आपला मल्टिमीटर घेऊन आला. सीडी प्लेअरचे आउटपुट साधारणपणे २ व्होल्टचे असते. पण डॅक बनवणाऱ्यांनी त्याहून थोडे अधिक ठेवायला कोणाची मनाई नाही. ४०० हर्ट्झचा एकसुरी ध्वनी असलेली सीडी त्याने लॅपटॉपवर तयार करून आणली होती. साधे मल्टिमीटर उंच वारंवारतेला चुकीचे आकडे दाखवतात, म्हणून एवढी खालची वारंवारता. मोजल्यावर प्लेअरचे आउटपुट २ व्होल्टच्या आसपास आणि डॅकचे २.४ व्होल्टच्या आसपास निघाले. हा फरक दीड डेसिबलहून किंचित जास्त होतो. एवढ्या फरकाला कान ‘मोठा आवाज’ म्हणून ओळखत नाही. तो ‘चांगला आवाज’ म्हणून ओळखतो, आणि दुकानात होणाऱ्या कित्येक निर्णयांमागे हेच असते अशी माझी खात्री झाली आहे.

डॅकवरच्या आवाजनियंत्रणाने ते आउटपुट प्लेअरच्या बरोबरीला आणले आणि मग पुन्हा बसलो. आता ऐकणाऱ्याने ॲम्प्लिफायरकडे पाठ करायची, बटण दुसऱ्याने फिरवायचे, कधी न फिरवताच फिरवल्यासारखा आवाज करायचा, आणि ऐकणाऱ्याने आपले मत न बोलता कागदावर लिहायचे असा नियम केला. मन्सूरांचा ख्याल, केसरबाईंच्या जुन्या तबकड्यांवरून केलेली सीडी, सुधीर फडक्यांची भावगीते, शेवटी एक पखवाजवादनाची सीडी असे निवडीत वैविध्य ठेवले. कागद ताडून पाहिले तेव्हा कोणाचेच उत्तर अंदाजाच्या पलीकडे गेलेले नव्हते. तंबोरावाल्या स्नेह्यांनी हे ज्या सहजतेने मान्य केले त्याचे मला कौतुक वाटले. ‘‘काल मला दोन तंबोरे ऐकू येत होते, आज एकच आहे,’’ इतकेच ते म्हणाले आणि चहा मागितला. केसरबाईंच्या सीडीवर तर फरक ऐकू येण्याचे कारणच नव्हते. मूळ तबकडीची खरखर त्या दोन्ही डॅकांच्या स्वतःच्या खरखरीच्या कितीतरी वर असते. मात्र त्याच बैठकीत कोणीतरी डाव्या स्पीकरला भिंतीपासून वीतभर पुढे ओढले आणि खर्जाचा सगळा तोलच बदलला. पाठ केलेल्या माणसालाही तो पहिल्या क्षणी कळला.

आवाजाचा मुद्दा असा बाजूला पडल्यावर विचार फार सोपा झाला, आणि मी पुन्हा त्या न मिळणाऱ्या लेन्सपाशी येऊन पोहोचलो. सीडीच्या या सगळ्या साखळीत झिजणारी वस्तू एकच, ती म्हणजे वाचणारी यंत्रणा. डॅकमध्ये हलणारे काही नसते. तो वर्षानुवर्षे चालतो, आणि बदलावा लागलाच तर नवी जोडणी हवी म्हणून. तेव्हा दोन पेट्या घेण्याचे खरे कारण असेल तर ते हे, की झिजणारा भाग न झिजणाऱ्यापासून वेगळा राहावा. पण येथेच पुण्यात पाहिलेली किंमत आडवी येते. शुद्ध ट्रान्सपोर्टमधील लेझरही तसाच झिजणार, आणि तो झिजला की तेवढ्याच किमतीची पेटी निकामी होणार. उलट अंक बाहेर देणारी जोडणी असलेला संपूर्ण प्लेअर हा ट्रान्सपोर्ट तर आहेच, शिवाय तो स्वतःच्या बळावर वाजू शकतो. दोन पेट्यांची हौस पुढे कधी करायची झाली तरी त्याच्या मागे डॅक जोडता येतो. पण शुद्ध ट्रान्सपोर्ट घेतला आणि डॅक बिघडला, तर त्या दिवसापासून घर गप्प. अशा वेळी नवा डॅक लगेच मिळेलच असेही धरून चालू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथे डॅकच्या चिप बनवणाऱ्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली, आणि जगभरच्या कंपन्यांना आपली यंत्रे दुसऱ्या चिपवर नव्याने बेतावी लागली. आपल्या गावापासून इतक्या दूरच्या एका कारखान्यावर आपले गाणे अवलंबून असावे, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

मग मी यंत्रांची नावे बाजूला ठेवून पुन्हा कारागिराकडे गेलो आणि कोणत्या यंत्रणेची लेन्स मिळते, असे विचारले. त्याने सांगितलेली गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात नसते. बाहेर नाव कोणतेही असो, आत बहुतेक कंपन्या थोड्याच कारखान्यांच्या यंत्रणा बसवतात; त्यांतल्या ज्या साध्या प्लेअरांत आणि म्युझिक सिस्टिममध्ये लाखोंनी वापरल्या गेल्या, त्यांच्या लेन्स नंबरावर आजही सुट्या मिळतात. ‘‘नाव बघू नका काका, आतला नंबर बघा,’’ असे तो म्हणाला. त्यानंतर प्लेअर पाहताना मी दुकानदारांना यंत्रणेचा नंबर विचारू लागलो. बहुतेकांना तो सांगता आला नाही, काहींनी विचारून सांगितला, आणि माझी निवड त्या सांगितलेल्यांतूनच झाली.

मधल्या काळात जुने प्लेअरही पाहिले. नव्वदच्या दशकातील जड, सुबक प्लेअर कमी किमतीत विकणारे येथेही भेटतात, आणि त्यांचा मोह होतो. कोल्हापुरात मात्र जुने यंत्र घेताना एक तपासणी अधिक करावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगेचे पाणी शाहूपुरीसारख्या वस्त्यांत शिरले होते, आणि त्या पाण्यात बसून पुढे वाळवून, पुसून बाजारात आलेली यंत्रे बाहेरून चकचकीत दिसू शकतात. मला दाखवलेल्या एका प्लेअरचे झाकण उघडायला लावले तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या पायथ्याशी गाळाची बारीक रेघ होती आणि खालच्या स्क्रूंवर गंज होता. पूर नसला तरी येथील पावसाळ्याची ओल भिंगावर बुरशीचा पडदा धरते, हेही कारागिराने दाखवले. त्यामुळे जुने घ्यायचे तर स्वतः सीडी लावून, शेवटचा क्रमांक वाजवून आणि झाकण काढून घ्यावे. बंद खोक्यातले घेऊ नये.

अखेरीस अंक बाहेर देणाऱ्या कोॲक्सियल आणि ऑप्टिकल अशा दोन्ही जोडण्या असलेला, सलग गाणे न तोडणारा एक नवा, मध्यम किमतीचा एकपेटी प्लेअर घरी आला. आई एकाच रिमोटने तो चालवते. मे महिन्यातील वळवाच्या विजांच्या दिवसांत त्याचा प्लग काढून ठेवण्याचे कामही तिनेच आपणहून घेतले आहे.

डॅक नंतर घेतला, आणि तो सीडीसाठी नव्हे. बऱ्याच सीडी मी फ्लॅक स्वरूपात लॅपटॉपवर उतरवून ठेवू लागलो होतो, कारण त्या पद्धतीत एकही बिट न गमावता जागा साधारण निम्मी लागते आणि दुर्मीळ सीडीला रोज हात लागत नाही. लॅपटॉपला आणि टीव्हीला ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचवणारी एक पेटी हवी होती, ती ही. टीव्ही प्रथम कोॲक्सियलने जोडला तर स्पीकरमधून मंद घुंऽ असा आवाज येऊ लागला. डिशच्या तारेतून आलेले अर्थिंग आणि ॲम्प्लिफायरचे अर्थिंग यांची गाठ पडली होती. ऑप्टिकल तारेत धातूच नसल्यामुळे ती लावताच तो आवाज गेला. ती तार मात्र कोपऱ्यात करकचून वाकवू नये, आतला प्रकाशमार्ग दुखावतो.

सीडी प्लेअरसुद्धा आता डॅकला जोडलेला आहे, पण त्याच्या लाल-पांढऱ्या तारा मी ॲम्प्लिफायरवरून काढलेल्या नाहीत. ऐंशीच्या दशकातील काही सीडी, विशेषतः जपानात छापलेल्या, उंच स्वर मुद्दाम उंचावून नोंदवलेल्या आहेत. वाजवताना प्लेअरने ते पुन्हा खाली आणावेत अशी खूण सीडीवरच असते. अंकांबरोबर ती खूण बाहेरही जाते, पण आमचा डॅक तिच्याकडे लक्ष देत नाही, आणि मग सर्वांत वरचे स्वर ९ ते १० डेसिबलपर्यंत चढे येतात. माझ्याकडे अशा थोड्याच सीडी आहेत. त्या लावताना ॲम्प्लिफायरचे बटण प्लेअरच्या स्वतःच्या आउटपुटवर फिरवायचे, अशी चिठ्ठी त्यांच्या डब्यांवर चिकटवून ठेवली आहे.